सगुणाबाईंची फेरतपासणी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आहेरगावच्या शिवारात, रावजींच्या द्राक्षबागेच्या सहाव्या ओळीत सगुणाबाई मांडवाखाली वाकून उभ्या होत्या. फेब्रुवारीतला पहिला बुधवार. डोक्याला मफलर, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, डाव्या हातात प्लॅस्टिकची छोटी पिशवी. एका घडाचा वरचा मणी त्यांनी खुडला, मग मधला, मग अगदी शेंड्याचा. तिन्ही पिशवीत टाकून त्या पुढच्या झाडाकडे वळल्या.

रावजी मागे मागे येत होते. पासष्टीचा माणूस, पण द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसचं कोणी बागेत आलं की चालीत लगबग यायची.

"ताई, हिकडून घ्या की. रस्त्याकडंचा माल बघा, काय रंग चढलाय!"

"रस्त्याकडचा माल पाहुण्यांना दाखवा, रावजीभाऊ. मी पाहुणी नाय."

रस्त्याकडच्या ओळींना ऊन जास्त मिळतं, त्यामुळे तिथली साखर नेहमीच वरचढ असते. हे रावजींना ठाऊक होतं आणि सगुणाबाईंना ते ठाऊक आहे हेही रावजींना ठाऊक होतं. तरी विचारायचं, ही त्यांची रीत.

सगुणाबाईंचीही रीत ठरलेली. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन झाडं, प्रत्येक झाडाचा एक घड, घडातले तीन मणी. सत्तावीस मणी पिशवीत चुरडायचे आणि त्या मिसळलेल्या रसाचा एक थेंब मीटरच्या काचेवर ठेवायचा. मीटर म्हणजे वीतभर लांबीची दुर्बीण. आधी साध्या पाण्याचा थेंब ठेवून रेघ शून्यावर आहे ना हे बघायचं, मग रस, मग उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याची एक रेघ दिसते. ती सोळाच्या वर गेली तर बाग पास, दुसऱ्या दिवशी तोडणी. सोळाच्या खाली असेल तर थांबायचं.

"पंधरा दोन," सगुणाबाई म्हणाल्या. "फेल."

"माझ्या जिभेला तर साखर लागती!"

"तुमच्या जिभेला चहात चार चमचे लागतात. सूनबाई सांगत होत्या."

रावजींनी स्वतः मीटरला डोळा लावला, पुसला, पुन्हा लावला. रेघ हलली नाही. "मग फेरतपासणी लिहा," ते म्हणाले. तो शेतकऱ्याचा हक्क होता, पण एकदाच मिळणारा. सगुणाबाईंनी वहीत पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारची तारीख टाकली. वेळ तीच, सात दहा.

"आजचं खोडता नाही का येणार?"

"कागदावर आलं की आलं, भाऊ."

हे वाक्य सगुणाबाई मोसमात दिवसातून चार वेळा तरी म्हणत. त्याच दिवशी ते त्यांच्यावर उलटायचं होतं.

पॅकहाउसची जीप आहेरगावहून पिंपळगावकडे निघाली, तेव्हा फोन वाजला. मुलगा हर्षल. तो नाशिकला एका विमा कंपनीच्या ऑफिसात हिशेबनीस होता. गंगापूर रोडवर चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. घरात बायको राखी आणि आठ वर्षांची वेदिका.

"आई, मागच्या रविवारी राखीने तुझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. आठवतो?"

"पाच वाक्यांचा. आठवतो की."

"सतरा आले तुला."

"कितीतनं?"

"पस्तीसातनं. खालच्या पट्ट्यात आलीस. 'काहीशी असमाधानी' असं येतं त्याचं उत्तर." मग त्याने विचारलं, "दिवाळीत काय बोलली होतीस?"

सगुणाबाईंना चांगलंच आठवत होतं. हर्षल चार वर्षं मागे लागला होता की काम सोड आणि आमच्याकडे ये. दिवाळीत एकदा त्या म्हणून गेल्या होत्या, "ज्या दिवशी मी सुखी नाय असं दिसंल, त्या दिवशी येईन. शब्द देते." तेव्हा त्यांना वाटलं होतं की असा दिवस दिसायला फार वेळ लागेल. तो एका कागदावर दिसेल हे ध्यानात आलं नव्हतं.

"रविवारी गाडी घेऊन येतो," हर्षल म्हणाला. "बॅग भरून ठेव."

जीप चालवणाऱ्या संतोषने सगळं ऐकलं होतं. जीपमध्ये न ऐकणं शक्यही नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "आज तुम्हीच नापास झालात वाटतं."

"तू रस्ता बघ."

सगुणाबाई नामपूरच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पिंपळगाव बसवंतला आल्या, आता सत्तावन्न. बोलणं पिंपळगावचं झालं. चिडल्या की मात्र अजून माहेरची अहिराणी बाहेर पडते. नवरा सावळीराम कांदा मार्केटला हमालीला होता. तो जाऊन सहा वर्षं झाली. त्या स्वतः पॅकहाउसमध्ये चौदा वर्षं कात्री घेऊन बसल्या. घडातला खराब मणी शेजारच्याला धक्का न लावता कापून काढायचा, एवढंच काम. त्यात एक खोड लागली होती: कापलेला मणी तोंडात टाकायचा आणि साखरेचा आकडा सांगायचा. बायका हसायच्या. एक दिवस क्वालिटी बघणाऱ्या साहेबांनी वीस मण्यांवर परीक्षा घेतली. सगुणाबाई अर्ध्या आकड्यापलीकडे कुठेच चुकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मीटर आलं. त्याला अकरा वर्षं झाली. डिसेंबर ते एप्रिल त्या रोज चार-पाच बागा बघतात, आणि तालुक्यातले बागायतदार त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. निकाल काहीही लागो.

हे सगळं एका सतराच्या आकड्यावर सोडायचं होतं.

रविवारी अकरा वाजता गाडी दारात उभी राहिली. वेदिका उतरून थेट मीटरच्या पेटीकडे पळाली. राखी आत आली ती मान खाली घालूनच. ती समुपदेशनाचा डिप्लोमा करत होती आणि फॉर्म त्या अभ्यासाचा होता.

"आई, मी यांना सांगायला नको होतं. सरांनी बजावलं होतं, कुणाचा आकडा बाहेर बोलायचा नाही. मी म्हटलं घरातच तर आहे."

"घरातनंच तर सगळं बाहेर जातं," सगुणाबाई म्हणाल्या. "आण तो कागद."

कागद टेबलावर आला. पाच वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते सात आकडे, आणि सगुणाबाईंनी केलेले गोल: तीन, चार, तीन, चार, तीन.

राखीने पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. "'माझं आयुष्य ज्या वाटेनं चाललंय ते मला आवडतं.' याला तीन का दिले?"

"चांगलं हाय म्हणून."

"चांगलं आहे तर तीन?"

"मग किती? सात?" सगुणाबाईंनी असं विचारलं की सात म्हणणाऱ्याची कीव यावी. "सात म्हणजे सगळं गोडच गोड. एकोणीसच्या वर गेलेला माल. असला माल महिनाभर बोटीत टिकत नाय. मणी सुटतो, पाणी होतं. गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत पेटीत दारू. माल कसा पाहिजे? मधला. थोडी आंबटी राखलेला. तोच पार जातो."

राखीला जे हसू फुटलं ते आवरेना. "अहो आई, ही द्राक्षं नाहीत! इथे सातला काही होत नाही. सात म्हणजे सगळ्यात चांगलं."

"हे वर कुठं लिवलंय?"

लिहिलेलं होतं, पण बारीक अक्षरात, आणि सगुणाबाईंचा चष्मा त्या दिवशी खिशात होता.

हर्षल मात्र हसला नाही. "हे तुला आज सुचतंय. आकडा कळल्यावर कुणीही म्हणेल माझी पट्टी वेगळी होती. तुझे शेतकरी हेच करतात ना? त्यांना तू काय सांगतेस?"

सगुणाबाई काय सांगतात ते त्या घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. वेदिकाने तर म्हणूनही दाखवलं, "कागदावर आलं की आलं!"

"हाई काय शे?" सगुणाबाई नातीवर डाफरल्या. वेदिका आणखी खूश झाली. आजीची अहिराणी म्हणजे तिला बक्षीसच.

मग सगुणाबाईंनी मफलर काढून घडी घातली. निकाल सांगण्याआधी त्या असंच करतात.

"ठीक हाय. कागद खोडायचा नाय. मी फेरतपासणी मागते."

"म्हणजे?"

"म्हणजे रावजीला मिळती ती मला पण मिळंल. एका रविवारी दुपारी एक मणी तोडला आणि अख्खी बाग फेल केली तुम्ही. नमुना असा घेत नसतात. सोमवार ते रविवार सात दिवस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. राखी इचारंल, मी आकडा सांगेन. तुझ्याच पट्टीनं, सात चांगला. आणि शेवटचा शनिवार-रविवार गंगापूर रोडला. तुमची ओळ पण बघितली पाहिजे, नायतर तुम्ही म्हणाल मी रस्त्याकडचाच माल दाखवला."

हिशेबनिसाला यात खोट काढता आली नाही. "आणि फेल झालीस तर?"

"तर बॅग भरलेलीच हाय," सगुणाबाई म्हणाल्या. ती खरंच भरलेली होती, कॉटखाली.

राखीने एक अट स्वतःची घातली. रोज संध्याकाळी ती आणखी एक प्रश्न विचारणार: आजचा दिवस बाजूला ठेवून, एकूण आयुष्याला किती? आत्ता कसं वाटतंय आणि आयुष्याकडे बघून काय वाटतं, या दोन गोष्टी माणसं सरसकट एकच धरतात, असं तिच्या सरांनी शिकवलं होतं. तिला ते स्वतः बघायचं होतं.

सोमवारपासून आवाजी निरोप सुरू झाले.

"सकाळ सहा. कारसूळला हाय. दव इतकं की मीटर पुसून पुसून पदर ओला झाला. चहा झाला, दुसरा येतोय."

"दुपार पाच. पोरींनी डब्यात शेवभाजी आणलीय."

"संध्याकाळ तीन." एवढंच. पुढे काही नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं, "पाच."

मंगळवारी तसंच. सकाळ सहा, दुपार पाच, संध्याकाळ तीन. एकूण पाच.

बुधवारी दुपारी आकडा आला दोन. सगुणाबाईंनी आदल्या दिवशी पास केलेला माल पॅकहाउसच्या गेटवर पंधरा सहा भरला आणि परत गेला. मॅनेजर चाळीस बायकांसमोर म्हणाले, "सगुणाबाईंचं पण वय झालं आता." चूक सगुणाबाईंचीच होती. दुसऱ्या चहाच्या नादात त्यांनी मीटर पाण्याने शून्य केलं नव्हतं. हे त्यांनी मॅनेजरना स्वतः सांगितलं, त्याच चाळीस बायकांसमोर, आणि संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरीही जाऊन आल्या.

राखीने जपून विचारलं, "आई, आज दिवस वाईट गेला. एकूण आयुष्याला किती?"

"पाच."

"पण दुपारी दोन होते."

"ते दुपारचे. एका घडानं बाग फेल होती काय?"

राखीने हे उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवलं. सरांच्या दोन तासांच्या व्याख्यानात जे धड पकडता आलं नव्हतं ते तिला इथे सापडलं होतं. आयुष्याबद्दलचं मत बरं असलं तर वाईट दुपार येत नाही असं नाही. ती येते, पण मुक्कामाला राहत नाही. गुरुवारी सकाळी आकडा पुन्हा सहा होता.

संध्याकाळचे आकडे मात्र तीनच्या पुढे सरकेनात. गुरुवारी दोन. लाइट गेली होती. शुक्रवारी राखीने खोदून विचारलं तेव्हा सगुणाबाई थोड्या रागानेच बोलल्या, "काय सांगू? पाचला घरी येते. झोपायला नऊ. एकटीसाठी दोन भाकरी टाकायच्या म्हणजे तवा तापेपर्यंत भूक निघून जाती. लिव तीन."

सहा वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी संध्याकाळचा नमुना मागितलाच नव्हता.

शनिवारी काम आटोपून त्या बसने नाशिकला गेल्या. पर्समध्ये मीटर होतं. ते वेदिकाने मागवलं होतं. संध्याकाळभर स्वयंपाकघराची तपासणी झाली. संत्र्याचा रस अकरा, पास. डाळिंब पंधरा. टोमॅटो सॉसची रेघ पट्टीतच मावेना. मग वेदिकाने टेबलावर गार होत पडलेल्या कपात चमचा बुडवला.

"पप्पांचा चहा नऊ!"

राखी ओट्यापासून वळली. "नऊ? साखर सोडलीय ना तुम्ही?"

"मीटर बिघडलंय," हर्षल म्हणाला.

"पाण्यानं शून्य करून घेतलंय," वेदिका म्हणाली. "पप्पा फेल."

"फेरतपासणी—"

"एकदाच मिळती," सगुणाबाई म्हणाल्या. "जपून वापर."

त्या संध्याकाळचा आकडा सहा.

रविवारी सकाळी सगुणाबाई सवयीने पाचला उठल्या. घर झोपलेलं. त्यांनी चहा केला, प्यायला, ओटा पुसला. बाल्कनीत बसल्या. चार मजल्यांखाली एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. की कुत्रा त्याला, हे वरून कळत नव्हतं. सहा वाजता त्यांनी ओटा पुन्हा पुसला. साडेसहाला सुरक्षारक्षकाला वरूनच विचारलं, "झाला का चहा?" त्याला वाटलं तक्रार आहे; तो लिफ्टने वर आला. नऊला राखी उठली तेव्हा सासूबाई पेपरातल्या जाहिराती वाचत होत्या.

"किती, आई?"

"दोन. एक द्यायला पाहिजे, पण तो रक्षक बरा माणूस निघाला. मूळचा वणीचा हाय."

दुपार चार. संध्याकाळी वेदिकाला त्यांनी ज्वारीची भाकरी थापायला बसवलं. पहिली भाकरी नकाशासारखी झाली आणि हर्षलने ती तशीच खाल्ली. आकडा सहा.

जेवणं झाल्यावर हर्षलने लॅपटॉप उघडून सरासरी काढली. हे काम त्याने राखीला करू दिलं नाही. सकाळ, पिंपळगावकडची: सहा. सकाळ, गंगापूर रोड: दोन. संध्याकाळ, पिंपळगाव: तीनच्या आत. संध्याकाळ, गंगापूर रोड: सहा. एकूण आयुष्य: सातही दिवस पाच, काही हललं नाही.

त्याने लॅपटॉप आईकडे वळवला. "म्हणजे मी नेमकी सकाळच काढून घ्यायला निघालो होतो."

"आणि मी संध्याकाळ लपवीत होते," सगुणाबाई म्हणाल्या. "मीटर मीटर करते, पण मीही रस्त्याकडचाच माल दाखवत आले की तुम्हाला."

पुढची वाटाघाट पंधरा मिनिटांत झाली. काम सुटणार नाही. बुधवारी, शनिवारी आणि रविवारी मुक्काम गंगापूर रोडला. नाशिकहून पॅकहाउसच्या कामगारांना आणणारी सकाळची गाडी संतोषच्याच ताब्यात असते, त्याला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, खिडकीची सीट ठेवतो. पण निकाल काय लागला?" उरलेल्या चार संध्याकाळींसाठी सगुणाबाईंनी शेजारच्या अक्काबाईंना फोन केला. अक्काबाईही एकट्याच. "तुझं पीठ घेऊन ये," त्या म्हणाल्या, "तवा माझा. चार भाकऱ्यांना तापवायला परवडतो."

मग राखीने कोरा फॉर्म काढला. सगुणाबाईंनी आधी चष्मा लावला, बारीक अक्षरं मोठ्याने वाचली आणि पेन घेतलं. सहा, पाच, पाच, सहा. शेवटच्या वाक्याशी थांबल्या: 'मला जे हवं होतं त्यातलं बहुतेक मिळालं.' सावळीराम असता तर सहा दिले असते, असं त्या म्हणाल्या. पाचाला गोल केला.

"सत्तावीस," हर्षलने बेरीज केली. "वरच्या पट्ट्यात. पास."

वेदिकाला पटलं नाही. तिच्या शाळेत पस्तीसपैकी सत्तावीस म्हणजे घरी बोलणी. "आजी, पैकीच्या पैकी का नाही?"

"बोटीत टिकायला पाहिजे ना," सगुणाबाई म्हणाल्या, आणि मीटर फडक्याने पुसून पेटीत ठेवलं.

उद्या सोमवार. संतोषची गाडी गंगापूर रोडच्या जेहान सर्कलवरून पाच पन्नासला सुटते. सात दहाला आहेरगावला रावजींच्या बागेची फेरतपासणी आहे.